एअरबॅग उघडली नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"गाडीचा चक्काचूर झाला, तरी एअरबॅग उघडली नाही. असं का?" हा प्रश्न सतत येतो आणि त्याच्या पोटात तीन वेगळी प्रकरणं असतात. एक, ती धडक एअरबॅग उघडावी अशी नव्हतीच. दोन, उघडायला हवी होती, पण यंत्रणा आधीपासूनच बंद पडलेली होती. तीन, यंत्रणा धडधाकट होती आणि ऐन वेळी तिने दगा दिला. तिसरं प्रकरण सगळ्यात कमी आढळतं, पण संशय मात्र आधी त्याच्यावरच जातो. खालचे आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या मॉडेलपुरता अंतिम शब्द गाडीच्या मॅन्युअलचा.

१. एअरबॅग उघडायची की नाही हे गाडी कशावरून ठरवते?

वेग किती झपाट्याने कमी झाला, यावरून. पुढच्या दोन सीटच्या मध्ये, गिअरच्या आसपास, फ्लोअरला घट्ट बोल्ट केलेलं एक कंट्रोल युनिट असतं. त्याच्या आत गाडीचा वेग घटण्याचा दर मोजणारे सेन्सर असतात. शिवाय बंपरच्या मागे, रेडिएटरच्या चौकटीवर एक किंवा दोन सेन्सर असतात. बाजूच्या धडकेसाठी बी-पिलरच्या, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दारामधल्या खांबाच्या, तळाशी सेन्सर बसवतात आणि अनेक गाड्यांत दाराच्या आत हवेचा दाब मोजणाराही एक असतो.

एकाच सेन्सरच्या शब्दावर एअरबॅग उघडत नाही. बाहेरच्या सेन्सरने कळवलेला धक्का आतल्या सेन्सरलाही जाणवला तरच पुढची हालचाल होते. म्हणून कोणी बंपरवर हातोडा मारला किंवा दार धाडकन आपटलं तर काही होत नाही.

५० किमी वेगाने पक्क्या भिंतीवर समोरून धडक झाली, तर साधारण १५ ते २० मिलिसेकंदांत निर्णय होतो. कंट्रोल युनिट इन्फ्लेटरमधल्या (पिशवीत गॅस भरणाऱ्या भागातल्या) स्क्विबला, म्हणजे बारीक ठिणगी पाडणाऱ्या भागाला, वीज देतं. त्याला १.२ अँपिअर करंट जेमतेम २ मिलिसेकंद मिळाला तरी पुरतो. चाळीस-पन्नास मिलिसेकंदांपर्यंत स्टिअरिंगची पिशवी भरलेली असते आणि डोकं त्यावर टेकतं, तेव्हा मागच्या छिद्रांतून गॅस बाहेर पडायला लागलेला असतो. पापणी लवायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. एवढ्या घाईत निर्णय घ्यायचा म्हणजे गाडी किती चेपणार आहे हे यंत्रणेला पाहताच येत नाही. पहिल्या काही मिलिसेकंदांतला धक्का पाहूनच तिला अंदाज बांधावा लागतो. पुढच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ इथेच आहे.

२. किती वेगाला उघडते? मी ६० ने होतो, तरी उघडली नाही.

काट्यावरच्या वेगाला इथे फारसा अर्थ नाही. धडकेच्या क्षणी वेगात किती बदल झाला, हे महत्त्वाचं. तुम्ही ६० ने असाल, ब्रेक दाबून ३० वर आलात आणि मग तुमच्याच वजनाच्या उभ्या गाडीला धडकलात, तर ती गाडीही पुढे ढकलली जाते. तुमच्या गाडीच्या वेगात पडलेला फरक साधारण १५ किमीचाच असतो.

पुढच्या एअरबॅग सहसा पक्क्या भिंतीवरच्या १३ ते २३ किमी वेगाच्या धडकेइतक्या तीव्रतेला उघडतील अशा बेताने बसवलेल्या असतात. तेवढ्याच आकाराच्या उभ्या गाडीला धडकताना हा आकडा साधारण २६ ते ४५ किमी होतो. अनेक गाड्यांत बेल्ट लावलेला असेल तर उघडण्याचा हा उंबरठा वर सरकतो, कारण मधल्या तीव्रतेच्या धडकेत बेल्ट एकट्याने काम निभावतो आणि एअरबॅगचा फटका टाळलेलाच बरा. उंबरठ्याजवळच्या धडकेत सारख्याच दिसणाऱ्या दोन अपघातांपैकी एकात उघडणं आणि दुसऱ्यात न उघडणं हे दोन्ही बरोबर असू शकतं.

३. बोनेट, रेडिएटर, दिवे सगळं गेलं. एवढं नुकसान होऊनही उघडू नये?

नुकसान आणि धक्का ही दोन वेगळी मापं आहेत. बोनेटचा पत्रा, ग्रिल, दिवे, रेडिएटर हे चेपण्यासाठीच असतात आणि चेपताना वेग हळूहळू खातात. खरा भार घेतात ते बंपरमागचा आडवा बीम आणि त्याच्या मागचे दोन लांब चेसिस मेंबर. ते सरळ असतील, तर वरून भीषण दिसणारी गाडीसुद्धा आतून हळूच थांबलेली असू शकते. उलट, खड्ड्यात चेसिस जोरात आपटली तर बाहेर ओरखडा नसताना एअरबॅग उघडल्याची उदाहरणं आहेत.

म्हणून फोटो काढताना फक्त पुढून काढू नका. बंपर उतरवल्यावर दिसणारा बीम, मेंबरवरच्या सुरकुत्या आणि पुढच्या चाकाचं दारापासूनचं अंतर हे तिन्ही टिपा. वाद झालाच तर याच फोटोंवर बोलणं होतं.

४. ट्रकच्या मागे घुसल्यावर एअरबॅग का उघडत नाही?

सगळ्यात घातक आणि लोकांना सगळ्यात न पटणारं प्रकरण हेच. ट्रकचा मागचा भाग कारच्या बंपरपेक्षा उंच असतो. कार त्याच्याखाली शिरते, तेव्हा बंपरचा बीम आणि चेसिस मेंबर कशालाच टेकत नाहीत. पुढचे सेन्सर ट्रकच्या खालून सरकून जातात. बोनेट सोलल्यासारखं मागे जातं, वेग घटत असतो पण सौम्यपणे, आणि कंट्रोल युनिटला धोक्याचा आकार दिसत नाही. ट्रकची कडा काचेच्या पिलरवर आदळते तेव्हा तीव्र धक्का बसतो खरा, पण तोवर फार उशीर झालेला असतो. कधी एअरबॅग त्या क्षणी उघडते आणि लोक म्हणतात "उशिरा उघडली". ती उशिरा उघडली नाही, तिला कळलंच उशिरा.

यावर कारमध्ये करण्यासारखं फारसं नाही. उपाय ट्रकच्या मागे आहे: खाली पुरेसा उतरलेला मजबूत अंडररन गार्ड. तो वाकलेला किंवा काढून टाकलेला असला की कारची सगळी सुरक्षा यंत्रणा वायफळ ठरते. खांबाला गाडीच्या अगदी मधोमध बसलेली धडकही अशीच फसवी असते. दोन्ही मेंबरच्या मधल्या मऊ भागात खांब घुसतो आणि इंजिनला टेकेपर्यंत धक्का सौम्य राहतो.

५. मागून धडक बसली, गाडी उलटली, बाजूने ठोकली. तेव्हा कोणत्या एअरबॅगनी उघडायला हवं?

मागून धडक बसली तर पुढच्या एअरबॅगचं काम नाही; शरीर सीटच्या पाठीकडे जातं. काही गाड्यांत बेल्ट आवळणारे प्रीटेन्शनर मात्र सुटतात. बाजूच्या धडकेत त्या बाजूची सीटमधली आणि छताच्या कडेची कर्टन एअरबॅग उघडायला हवी. तिथे अंगापर्यंत जेमतेम वीतभर जागा असल्याने निर्णय समोरच्या धडकेपेक्षाही लवकर होतो. उंबरठा खांबासारख्या अरुंद गोष्टीवर साधारण १३ किमीच्या आसपास असतो, रुंद धडकेसाठी साधारण २९ किमीच्या आसपास.

गाडी उलटल्यावर कर्टन एअरबॅग उघडेलच असं नाही. गाडीत कलंडण्याचा वेग मोजणारा सेन्सर असेल तरच ती उघडते, आणि कर्टन असलेल्या प्रत्येक गाडीत तो सेन्सर नसतो. गाडी घेताना "सहा एअरबॅग" एवढ्यावर थांबू नका, उलटताना कर्टन उघडते का हेही विचारा.

६. सीट बेल्ट लावला नसेल तर एअरबॅग उघडत नाही, हे खरं का?

बहुतेक गाड्यांत खरं नाही. पुढची एअरबॅग बेल्टशिवायही उघडते, काही गाड्यांत तर उलट लवकर उघडते. बंद राहतो तो सहसा बेल्टचा प्रीटेन्शनर. एखाद्या मॉडेलचा हिशेब वेगळा असू शकतो, त्यासाठी मॅन्युअल पाहा.

पण बेल्ट नसेल तर एअरबॅग उघडूनही उपयोग होईलच असं नाही. धडकेआधीच्या जोरदार ब्रेकने शरीर पुढे सरकतं आणि पिशवी फुगत असतानाच छाती तिच्यावर असते. छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंमी अंतर ठेवायला सांगतात ते यासाठी. बेल्टचं हूक नुसतं बकलमध्ये अडकवून त्यावर बसणाऱ्यांचं अवघड आहे: बेल्ट लावलाय असं गाडी धरून चालते आणि उंबरठा वर नेते.

७. ड्रायव्हरची उघडली, शेजारची नाही. असं कसं?

आधी दोन साध्या गोष्टी तपासा. अनेक गाड्यांत डॅशबोर्डच्या कडेला, दार उघडल्यावर दिसेल असं किल्लीने फिरवायचं एक बटण असतं. बाळाची मागे तोंड असलेली सीट पुढे बसवताना शेजारची एअरबॅग बंद करावीच लागते. नंतर ती सीट निघते, बटण तसंच राहून जातं. दुसरं, डॅशवर किंवा आरशाजवळ 'पॅसेंजर एअरबॅग ऑफ' असा दिवा असतो. माणूस बसलेला असताना तो पेटलेला असेल, तर त्याच्यासाठी एअरबॅग नाही.

ज्या गाड्यांत सीटवरचं वजन ओळखणारी यंत्रणा आहे, तिथे गैरसमज वेगवेगळ्या कारणांनी होतात. माणूस सीटच्या कडेवर बसलेला असतो किंवा पाय डॅशवर ठेवून रेललेला असतो. कधी सीटवर जाड गादी टाकलेली असते, सीटखाली कोंबलेली बॅग सीटला वर उचलते, मागच्याचे गुडघे पाठीला लागतात किंवा सीट ओली असते. सीट सोडून पुन्हा बसवल्यावर या यंत्रणेला स्कॅनरने (गाडीचे दोष वाचणाऱ्या यंत्राने) 'शून्य' दाखवावं लागतं. ते राहिलं तर वजन कायमचं चुकीचं मोजलं जातं.

शेजारची सीट रिकामी होती म्हणून उघडली नाही, हे तर अगदी बरोबर वागणं आहे. फुकट उघडलेल्या पिशवीने काचही जाते.

८. डॅशवरचा एअरबॅगचा दिवा नेमकं काय सांगतो?

इग्निशन चालू केल्यावर तो काही सेकंद, बऱ्याच गाड्यांत साधारण ६ सेकंद, पेटून विझायला हवा. बाकीच्या तीन परिस्थिती वाईट आहेत.

पेटलेलाच राहिला: यंत्रणेत दोष नोंदला गेला आहे. काही गाड्यांत फक्त दोषाचा भाग बंद होतो, काहींत अख्खी यंत्रणा. कोणता प्रकार आहे हे बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून एकही एअरबॅग उघडणार नाही असं धरूनच चाला.

अधूनमधून पेटतो: सैल जोड. खड्ड्यात किंवा स्टिअरिंग वळवताना पेटतो का, यावर लक्ष ठेवा. त्यावरून जागा सापडते.

कधीच पेटत नाही: सगळ्यात वाईट. दिवाच काढलेला असू शकतो. प्रश्न ११ पाहा.

९. दिवा पेटला. बहुतेक वेळा बिघाड कुठे निघतो?

पहिला संशयित पुढच्या सीटखालचा पिवळा कनेक्टर. सीट मागेपुढे सरकताना वायर ओढली जाते, पाण्याची बाटली किंवा छत्री त्यात अडकते, आतून सफाई करणारा ब्रश घालतो. स्क्विबचा रेझिस्टन्स साधारण २ ओहमच असतो. पिनवर जरा गंज चढून त्यात थोडीशी भर पडली तरी कंट्रोल युनिट दोष नोंदवतं. एरवी खिडकीच्या किंवा हॉर्नच्या वायरला एवढ्याने काही झालं नसतं.

दुसरा क्लॉक स्प्रिंग. स्टिअरिंगखाली गुंडाळलेली ही चपटी वायर चाक फिरेल तशी सैल-घट्ट होते आणि शेवटी तुटते. एअरबॅगच्या दिव्यासोबत हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणं बंद पडली असतील तर दोष बहुतेक इथेच. स्टिअरिंगचं काम करताना चाकं सरळ न ठेवता स्टिअरिंग काढलं, किंवा नवीन क्लॉक स्प्रिंग मध्यावर न आणता बसवला, तर पहिल्याच पूर्ण वळणाला तो तुटतो. हलक्या हाताने एका टोकाला नेऊन, मॅन्युअलमध्ये दिलेले फेरे उलटे फिरवून, खुणेचे बाण जुळवायचे. हे दोन मिनिटांचं काम आहे, तरी टाळलं जातं.

त्यानंतर पाणी. कंट्रोल युनिट फ्लोअरवर असल्याने पुरात उभी राहिलेली गाडी वरून वाळते, पण त्याच्या कनेक्टरमध्ये हिरवट गंज महिन्यांनी दिसू लागतो. उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग आणि एसीच्या पाण्याची नळी तुंबून ओला झालेला कार्पेट हेही याच घरातले.

कमजोर बॅटरीनेही दोष नोंदला जातो. तो बॅटरी बदलल्यावर स्कॅनरने पुसावा लागतो, आणि पुसून पुन्हा येत नसेल तर विषय संपला. धडकेनंतर बदललेल्या बंपरमागचे सेन्सरही पाहा. त्यावरचा बाण ठरलेल्या दिशेला हवा, बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आणि पट्टी मूळची. वाकवून सरळ केलेल्या पट्टीवरचा सेन्सर दोष दाखवत नाही, कारण विजेच्या दृष्टीने तो ठीकच असतो. धक्का मात्र तो चुकीचा कळवतो.

१०. हे घरी तपासता येईल का?

पाहता येईल, मोजता येणार नाही. साध्या मल्टिमीटरने स्क्विबचा रेझिस्टन्स कधीही मोजू नका. मीटर स्वतः करंट सोडतो आणि एअरबॅग तोंडावर उघडू शकते. मेकॅनिक स्क्विबच्या जागी तेवढ्याच रेझिस्टन्सचा चाचणी-प्लग लावून बाकीची वायर तपासतो, तो यामुळेच.

सीटखालचा कनेक्टर पाहायचा असेल तर क्रम असा. इग्निशन बंद करा, किल्ली बाहेर काढा, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून बाजूला बांधा. मग मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. काही गाड्यांत तो दीड मिनिट असतो, काहींत बराच जास्त. माहीत नसेल तर १० मिनिटं थांबा. कंट्रोल युनिटमधला वीज साठवणारा कपॅसिटर तेवढ्यात रिकामा होतो. त्यानंतरच कनेक्टरला हात लावा. लॉक नीट बसलंय का, पिन वाकलीय का, हिरवा थर आहे का, एवढंच पाहा. बॅटरी जोडताना गाडीत कोणी बसलेलं नको. आणि इग्निशन चालू असताना कनेक्टर काढून पाहायचा मोह आवरा. त्याने नवा दोष नोंदला जातो आणि मूळ शोधणं आणखी अवघड होतं.

स्वस्तातला कोड रीडर बहुतेक वेळा फक्त इंजिनचे पी-कोड दाखवतो. एअरबॅगचे दोष बी-कोडमध्ये असतात. उदाहरणार्थ बी०००१ म्हणजे ड्रायव्हरच्या पुढच्या एअरबॅगचा पहिला टप्पा. रीडरने "कोणताही दोष नाही" म्हटलं आणि दिवा पेटलेला असेल, तर दिव्यावर विश्वास ठेवा.

११. जुनी गाडी घेतोय. आत एअरबॅग खरंच आहे हे कसं कळणार?

उघडलेली एअरबॅग बदलणं महागात पडतं, म्हणून काही ठिकाणी स्टिअरिंगचं नुसतं झाकण बसवून आत दोन-अडीच ओहमचा रेझिस्टर सोल्डर करतात. कंट्रोल युनिटला वाटतं स्क्विब जागेवर आहे. दिवा नियमाने पेटतो, नियमाने विझतो. म्हणजे दिव्याची परीक्षा पास होणं पुरेसं नाही.

दिवा बाकीच्या दिव्यांपासून वेगळ्या वेळी विझतो का पाहा. ऑइल किंवा एबीएसच्या दिव्याबरोबर तंतोतंत एकाच क्षणी विझत असेल तर त्यालाच जोडलेला असण्याची शंका घ्या. स्टिअरिंगच्या झाकणाचा रंग आणि पोत बाकीच्या प्लास्टिकशी जुळतो का? डॅशवर शेजारच्या एअरबॅगच्या झाकणाची रेघ सरळ आहे का, की वर रेक्झिन चढवलंय? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. तळाशी लेबल असतं, त्यावरची तारीख गाडीच्या वर्षाशी जुळायला हवी. बेल्ट मध्येच अडकत असेल किंवा अजिबात मागे जात नसेल, तर प्रीटेन्शनर सुटलेला असण्याची शक्यता आहे.

मग स्कॅनर लावून कंट्रोल युनिटमध्ये 'धडक नोंद' आहे का ते वाचून घ्या. शेवटचा उपाय म्हणजे जाणकाराकडून स्टिअरिंगचं मॉड्यूल उतरवून इन्फ्लेटरवरचा मूळ क्रमांक पाहणं. नकली इन्फ्लेटरचा धोका दुहेरी आहे: एक तर तो पेटत नाही, नाहीतर फुटून धातूचे तुकडे अंगावर सोडतो.

१२. बुल बार, सीट कव्हर, स्टिअरिंग बदलणं, डॅशवर मूर्ती किंवा मोबाइल होल्डर: यांनी फरक पडतो?

बुल बारने पडतो, आणि दोन्ही दिशांनी. सेन्सरचा हिशेब मूळ बंपरच्या चेपण्यावर बेतलेला असतो. पोलादी बार थेट चेसिसला जोडला की किरकोळ धक्काही सरळ आत जातो. उलट, बार वाकून भार दुसरीकडे वळला तर खऱ्या धडकेचा संदेश उशिरा पोहोचतो. कोणत्या वेळी काय होईल हे बार बनवणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

सीटच्या बाजूला एअरबॅगचं लेबल असेल तर पूर्ण वेढणारं कव्हर टाळा. त्या जागी मुद्दाम कमजोर शिवण ठेवलेलं कव्हर मिळतं, तेही योग्य बाजूनेच बसवायचं. स्टिअरिंग बदललं तर ड्रायव्हरची एअरबॅगच गेली. मूर्ती आणि होल्डर एअरबॅगला अडवत नाहीत, पण झाकणावर असतील तर त्या वेगाने तुमच्यावर येतात.

१३. धडकेत बॅटरीच तुटली तर एअरबॅग उघडेल का? आणि इंजिन बंद असेल तर?

बॅटरी तुटली तरी उघडते. कंट्रोल युनिटमधला कपॅसिटर तेवढ्या वेळापुरती वीज साठवून ठेवतो. प्रश्न १० मधलं थांबणं याच साठ्यामुळे आहे.

इग्निशन बंद असेल तर मात्र यंत्रणा झोपलेली असते. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणं त्यामुळेही धोक्याचं. याचं सर्वात गाजलेलं उदाहरण जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचं. शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन वगैरे गाड्यांत स्विच इतका सैल होता की जड किल्लीच्या जुडग्याने किंवा धक्क्याने किल्ली 'रन'वरून 'अ‍ॅक्सेसरी'वर घसरायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, आणि पाठोपाठ होणाऱ्या धडकेत एअरबॅगही बंद. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. एअरबॅगमध्ये स्वतःमध्ये काहीच दोष नव्हता. जुन्या, झिजलेल्या स्विचच्या गाडीत जुडगा न लावता एकटी गाडीची किल्लीच वापरा.

१४. टकाटाचा रिकॉल म्हणजे हाच ना?

नाही, ते अगदी उलटं प्रकरण. टकाटा या एअरबॅग बनवणाऱ्या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमधलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णता आणि दमटपणाने बिघडायचं आणि एअरबॅग उघडताना धातूचं कवच फोडायचं. जगभरात सुमारे १० कोटी इन्फ्लेटर परत बोलावले गेले आणि कंपनीने २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. तिथे भीती उघडण्याची होती.

न उघडण्याचा मोठा रिकॉल झेडएफ-टीआरडब्ल्यू या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या कंट्रोल युनिटचा. धडकेत पुढच्या सेन्सरची वायर चेंगरली की त्यातून विजेचा झटका उलटा कंट्रोल युनिटमध्ये यायचा आणि आतली चिप जळायची, एअरबॅगला आदेश देण्याआधीच. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा संस्थेने, एनएचटीएसएने, २०१९ मध्ये चौकशी १.२३ कोटी गाड्यांपर्यंत वाढवली. टोयोटाने २०२० मध्ये सुमारे ३४ लाख गाड्या परत बोलावल्या. सुरुवातीला वर म्हटलेलं तिसरं प्रकरण ते हे: दिवा विझलेला, कोड नाही, आणि तरीही दगा.

असा दोष घरी किंवा गॅरेजात सापडत नाही. उत्पादकाच्या संकेतस्थळावर व्हीआयएन, म्हणजे गाडीचा १७ अंक-अक्षरांचा ओळख क्रमांक, टाकून रिकॉल पाहणं हा मार्ग. जुनी गाडी घेतली असेल तर पत्र मागच्या मालकाकडे गेलेलं असतं, म्हणून स्वतः पाहा.

१५. पहिल्या धडकेत उघडली, दुसऱ्या धडकेत काहीच नाही.

एक पिशवी एकदाच. दुभाजकाला लागून एअरबॅग उघडली आणि दोन सेकंदांनी समोरून गाडी आली, तर तोवर पिशवी रिकामी होऊन लोंबत असते. न उघडलेल्या बाकीच्या एअरबॅग मात्र दुसऱ्या धडकेत उघडू शकतात.

१६. एअरबॅगची मुदत संपते का?

जुन्या काही गाड्यांवर १० किंवा १५ वर्षांनी बदला असं लेबल असायचं. आताचे बहुतेक उत्पादक अशी मुदत देत नाहीत. वयाने आधी बिघडतात ते कनेक्टर आणि क्लॉक स्प्रिंग, पिशवी नव्हे. दाराच्या चौकटीवर किंवा मॅन्युअलमध्ये तारीख छापलेली असेल तर ती पाळा.

१७. अपघात झाला, एअरबॅग उघडली नाही. पुढे काय करायचं?

गाडी आहे तशी ठेवा. बऱ्याच गाड्यांच्या कंट्रोल युनिटमध्येच धडकेची नोंद राहते. अमेरिकी नियमानुसार १५० मिलिसेकंदांत वेगात ८ किमीचा बदल झाला की ती नोंद सुरू होते. धडकेआधीचे ५ सेकंद वेग, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर, बेल्ट लावला होता का, एअरबॅगचा दिवा पेटलेला होता का आणि धडकेत वेग कसा घटत गेला, हे सगळं त्यात येतं. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये ही नोंद सक्तीची आहे.

कळीची गोष्ट ही: एअरबॅग उघडली तर नोंद कुलूपबंद होते. उघडली नाही तर ती पुढच्या धक्क्याने पुसली जाऊ शकते. म्हणून गाडी चालवत नेऊ नका, क्रेनने उचलून न्या. कोणालाही कोड 'क्लिअर' करू देऊ नका. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवा. कंट्रोल युनिट स्वतः उपटून घरी आणू नका. विमा कंपनीला आणि गॅरेजला लेखी कळवा की तपासणी होईपर्यंत गाडी भंगारात काढायची नाही. पुरावा सर्वाधिक वेळा इथेच हरवतो.

फोटोंची यादी प्रश्न ३ मध्ये आहे. त्यात बेल्टच्या पट्ट्यावरची भाजल्यासारखी किंवा चकाकलेली खूण जोडा. बेल्टने खरंच भार घेतला होता याची ती साक्ष.

१८. नोंद हातात आली. दोष होता की नाही हे कसं ठरतं?

तीन गोष्टी एकत्र पाहायच्या: वेग किती घटला, किती वेळात घटला आणि धक्का कोणत्या दिशेने आला. २०० मिलिसेकंदांत १२ किमीचा बदल झाला असेल तर न उघडणं बरोबर. समोरून सरळ धडकेत १०० मिलिसेकंदांत वेग ४० किमीने घटला, दिवा विझलेला होता आणि तरी उघडली नाही, तर दोषाचा संशय भक्कम. दिवा पेटलेला होता अशी नोंद असेल, तर तो धडकेआधी किती काळ पेटत होता हेही काही गाड्यांत मिळतं, आणि तिथे प्रश्न देखभालीकडे वळतो. नोंद अर्धवट तुटलेली असेल तर तेही बोलकं आहे: धडकेच्या मध्येच कंट्रोल युनिटची वीज किंवा चिप गेली असावी. अशा वेळी प्रश्न १४ मधले रिकॉल पुन्हा तपासा.

१९. न उघडलेली एअरबॅग नंतर अचानक उघडेल का?

उघडू शकते. वाकलेल्या गाडीत वायर कापताना, वेल्डिंग करताना किंवा आग लागल्यावर. बचाव पथकं यासाठी अंतराचा नियम पाळतात: बाजूच्या एअरबॅगपासून साधारण १३ सेंमी, स्टिअरिंगपासून २५ आणि शेजारच्या डॅशपासून ५० सेंमी. अडकलेल्याला मदत करताना डोकं स्टिअरिंग आणि त्याच्या छातीच्या मध्ये घालू नका.

२०. इलेक्ट्रिक गाडीत काही वेगळं असतं का?

एअरबॅग तिथेही १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवरच चालते, मोठ्या बॅटरीवर नाही. त्यामुळे १२ व्होल्टची बॅटरी मेलेली असेल तर प्रश्न ९ मधले दोष तिथेही येतात. वेगळी गोष्ट एकच. मोठ्या बॅटरीचा उच्च दाबाचा पुरवठा तोडण्याचा आदेशही सहसा हेच एअरबॅगचं कंट्रोल युनिट देतं. एअरबॅग उघडली नसेल तर पुरवठा तुटलाच आहे असं धरू नका. गाडी 'ऑफ' करा, किल्ली गाडीपासून दूर न्या, नारिंगी केबलना हात लावू नका आणि बचाव पथकाला गाडी इलेक्ट्रिक असल्याचं आधी सांगा.